देणगी उघड, खर्च मात्र लपलेला: एका सूचीबद्ध कंपनीच्या राजकीय खर्चाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

ही कंपनी रस्ते आणि बांधकामासाठी लागणारे साहित्य बनवते. ती शेअर बाजारात सूचीबद्ध आहे, तीन राज्यांत तिचे कारखाने आहेत आणि ग्राहकांमध्ये सरकारी कामे घेणाऱ्या कंत्राटदारांचा वाटा मोठा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले असून रकमा सोप्या केल्या आहेत. घटनांचा क्रम आणि कायद्याचे मुद्दे मात्र तसेच ठेवले आहेत.

२०२३-२४ मध्ये कंपनीच्या हिशेबात राजकीय देणगी म्हणून ३ कोटी ५० लाख रुपये दिसत होते. त्यांपैकी ३ कोटींचे निवडणूक रोखे (स्टेट बँकेकडून विकत घेऊन पक्षाला द्यायचे, देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवणारे रोखे) होते: जुलैत १ कोटीचे, ऑक्टोबरमध्ये २ कोटींचे. उरलेले ५० लाख एका इलेक्टोरल ट्रस्टला, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेला, बँकेमार्फत दिले होते. या सगळ्याला संचालकांनी जून २०२३ मध्ये ई-मेलवर कागद फिरवून मान्यता दिली होती. ऑगस्टच्या बैठकीत त्या ठरावाची फक्त नोंद घेतली गेली.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८२ नुसार कंपनीला राजकीय पक्षाला देणगी देता येते. सरकारी कंपनीला आणि तीन आर्थिक वर्षे पूर्ण न झालेल्या कंपनीला देता येत नाही. मूळ तरतुदीत आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के अशी मर्यादा होती आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचे नाव व रक्कम देणे बंधनकारक होते. वित्त कायदा, २०१७ ने मर्यादा काढली आणि नावाऐवजी केवळ एकूण रक्कम पुरेशी ठरवली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निवडणूक रोखे योजना आणि तिच्यासोबत कलम १८२ मधले हे बदल घटनाबाह्य ठरवले. नाव लपवणे मतदाराच्या माहितीच्या अधिकाराविरुद्ध, म्हणजे अनुच्छेद १९(१)(अ) च्या विरुद्ध, आणि अमर्याद देणगीची मुभा मनमानी, म्हणजे अनुच्छेद १४ च्या विरुद्ध, असे पीठाने म्हटले.

## प्रश्न कसा समोर आला

निवडणूक आयोगाने १४ मार्च २०२४ रोजी स्टेट बँकेकडून मिळालेली रोखे खरेदीदारांची यादी संकेतस्थळावर टाकली. कंपनीचे नाव त्यात होते. २१ मार्चला रोख्यांचे क्रमांकही आले आणि कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला हे कोणालाही जुळवून पाहता येऊ लागले. त्याच आठवड्यात एका संस्थात्मक गुंतवणूकदाराने कंपनी सचिवांना पत्र पाठवून तीन प्रश्न विचारले: ठराव कोणत्या बैठकीत झाला, पक्ष कोणत्या निकषावर निवडले, आणि याशिवाय आणखी काही राजकीय खर्च आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांवर व्यवस्थापनाकडे काहीतरी मसुदा तयार होता. तिसऱ्याचे उत्तर मात्र कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हते. वित्त विभागाने "नाही" असे एका ओळीत लिहून दिले. लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षा स्वतंत्र संचालक होत्या. त्यांनी त्या ओळीवर सही करायला नकार दिला आणि "हे कशाच्या आधारावर म्हणता?" असे विचारले. सगळे प्रकरण याच प्रश्नावर वळले. पत्राला ठरावीक छापाचे उत्तर गेले असते, तर पुढचे काहीही बाहेर आले नसते.

वेळ थोडा होता. सूचीबद्ध कंपनीला वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून साठ दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत, जाहीर करावे लागतात. शिवाय १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागू झाली होती आणि कारखान्यांवर निवडणुकीसाठी मदतीच्या नव्या मागण्या यायला सुरुवात झाली होती.

## शोध

अंतर्गत लेखापरीक्षकांनी "देणगी" हे खाते बाजूला ठेवले, कारण तिथे सगळे व्यवस्थित होते. त्यांनी सहा खाती उघडली: जाहिरात व प्रसिद्धी, सल्लागार शुल्क, सभासदत्व व वर्गणी, प्रवास व वाहन भाडे, कर्मचारी कल्याण, आणि सामाजिक दायित्वाचा खर्च. यांतल्या नोंदींना पाच चाळण्या लावल्या:

- मतदानाच्या आधीच्या ६० दिवसांत पहिल्यांदाच पैसे मिळालेला पुरवठादार
- खरेदी आदेशाविना दिलेली गोल रक्कम
- "स्मरणिका", "विशेषांक", "अधिवेशन", "प्रायोजकत्व", "विशेष निधी" असे शब्द असलेली नोंद
- मागणी करणारा आणि मंजुरी देणारा एकच अधिकारी
- नोंद झाल्यानंतर तपशील बदललेले व्हाउचर

शेवटची चाळणी सर्वांत उपयोगी ठरली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि तो बंद न करता येणारी लेखा-प्रणाली वापरावी लागते. बहुतेक कंपन्या ही अट फक्त लेखापरीक्षकासाठी पाळतात आणि तो माग कोणी वाचत नाही. इथे तो वाचला गेला, आणि तीन गोष्टी सापडल्या.

पहिली १८ लाखांची. जानेवारी २०२४ मध्ये एका जाहिरात संस्थेला हे पैसे गेले होते. बिलावर "छापील माध्यमातील जाहिरात" एवढेच लिहिले होते. छापलेली प्रत मागितल्यावर दहा दिवसांनी एका पक्षाच्या प्रदेश अधिवेशनाची स्मरणिका आली. त्यात कंपनीची चार पाने होती. त्या पानांचा बाजारभाव या रकमेच्या जवळपासही नव्हता, पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. पक्षाने किंवा पक्षाच्या वतीने काढलेल्या स्मरणिकेतली जाहिरात कलम १८२(२) नुसार थेट पक्षाला दिलेली देणगीच धरली जाते. जाहिरात संस्था मध्ये असल्याने त्यात फरक पडत नाही.

दुसरी ७ लाखांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये विधानसभा निवडणूक झालेल्या एका राज्यात कंपनीचा कारखाना आहे. तिथे "कर्मचारी वाहतूक" म्हणून ११ गाड्यांचे २० दिवसांचे भाडे पडले होते. मूळ नोंदीत "निवडणूक कालावधी" असे शब्द होते. पाच दिवसांनी ते बदलले गेले. कारखान्याच्या फाटकावरच्या नोंदवहीत या गाड्यांचे क्रमांक एकदाही नव्हते. कलम १८२(३अ) नुसार देणगी फक्त खात्यात जमा होणाऱ्या धनादेशाने, बँक ड्राफ्टने किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देता येते. गाडी, डिझेल, मंडप अशा वस्तुरूप मदतीला कंपनी कायद्यात वाटच नाही. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १७१ ह खाली वेगळा गुन्हाही होता.

तिसरी ४० लाखांची, आणि हीच सर्वांत अवघड. एका उद्योग संघटनेला कंपनी दरवर्षी ३ लाख वर्गणी देते. डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेने "धोरणविषयक विशेष निधी" मागितला आणि विक्री विभागाच्या प्रमुखांनी तो मंजूर केला. त्याचे काय झाले, असे लेखी विचारल्यावर दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर आले: सभासदांकडून जमलेली रक्कम संघटनेने स्वतःच्या नावाने एका इलेक्टोरल ट्रस्टला दिली. म्हणजे पैसा कंपनीचा, नाव संघटनेचे आणि शेवटी मिळाला पक्षांना. कलम १८२ मध्ये "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" हे शब्द याचसाठी आहेत. सेबीच्या व्यवसाय उत्तरदायित्व अहवालात कंपनीने या संघटनेचे नाव प्रामाणिकपणे लिहिले होते. पण तिथे विचारतात ते संघटनेचे नाव, दिलेली रक्कम नाही.

बेरीज अशी झाली: ३ कोटी ५० लाख उघड, ६५ लाख लपलेले, एकूण ४ कोटी १५ लाख. आधीच्या तीन वर्षांचा निव्वळ नफा ३८, ५२ आणि ६६ कोटी होता. सरासरी ५२ कोटी, तिचे ७.५ टक्के म्हणजे ३ कोटी ९० लाख. उघड देणगी मर्यादेत बसत होती. लपलेली धरताच मर्यादा २५ लाखांनी ओलांडली जात होती.

## कोणते पर्याय होते

संचालक मंडळापुढे एप्रिलच्या शेवटी चार पर्याय आले.

पहिला पर्याय कायद्याच्या संधिकालाचा फायदा घेण्याचा होता. देणग्या दिल्या तेव्हा २०१७ चा बदल लागू होता, म्हणून फक्त एकूण रक्कम छापायची. याच्या बाजूने एक वजनदार कायदेशीर मत होते: व्यवहाराच्या दिवशी जे वैध होते त्यासाठी नंतर शिक्षा होऊ शकत नाही. विरुद्ध मत असे की, मर्यादा काढणारा बदलच घटनाबाह्य ठरल्याने मर्यादा सतत होतीच असे मानावे लागेल. दोन्ही मते नामांकित वकिलांची होती. पण मंडळातल्या चर्चेत एक गोष्ट सुरुवातीला निसटली आणि लेखापरीक्षकांनी ती दाखवून दिली. हा वाद फक्त रोख्यांना आणि मर्यादेला लागू होता. स्मरणिका, गाड्या आणि संघटनेचा निधी यांना २०१७ च्या बदलाने कधीच संरक्षण दिले नव्हते. मंडळाचा ठराव, बँकेची वाट आणि अप्रत्यक्ष देणगीची व्याख्या या अटी सगळा काळ जागच्या जागी होत्या.

दुसरा पर्याय रोख्यांच्या पक्षांची नावे देऊन ६५ लाख गुपचूप योग्य खात्यात वळवण्याचा. व्यवस्थापनाचा कल इकडे होता, आणि वरवर तो शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात धैर्य काहीच नव्हते: रोख्यांची नावे २१ मार्चपासून जगजाहीर होती. जे कोणालाच माहीत नव्हते तेच यात झाकले जाणार होते.

तिसरा पर्याय सगळे उघड करण्याचा: प्रत्येक रक्कम, प्रत्येक घेणारा, मधला दुवा, ठरावातली त्रुटी.

चौथा पर्याय राजकीय खर्च यापुढे पूर्ण बंद करण्याचा. तो एका संचालकाने मांडला आणि त्यात तथ्य होते. पण नुसत्या बंदीने झाले गेले बाहेर येत नाही, आणि स्मरणिकेसारख्या आडवाटांवर पहारा नसेल तर बंदी कागदावरच राहते.

उघड करण्याला विरोध दोन कारणांनी झाला. एक, रोखे योजनेत गोपनीयतेचे वचन होते. यावर उत्तर स्पष्ट होते: ते बंधन बँकेवर होते, खरेदीदाराने स्वतःचे दान सांगू नये असे योजनेत कुठेच नव्हते. दुसरे कारण खरे होते. ज्या पक्षाला कमी मिळाले तो नाराज होईल, आणि सरकारी कामांशी जोडलेल्या धंद्यात ती नाराजी महागात पडते. या भीतीला हसण्यात अर्थ नाही. मात्र लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांनी विचारले की कंपनीने रोख्यांसाठी दोन पक्ष आणि २:१ हे प्रमाण कशावर ठरवले, तेव्हा फाइलमध्ये एकही कागद निघाला नाही. नाव सांगण्याची भीती वाटते ती अनेकदा याचमुळे: निवडीचे कारण लिहिलेले नसते.

## काय केले

मंडळाने तिसरा पर्याय निवडला. एका संचालकाने असहमती नोंदवली.

ठरावाची त्रुटी आधी हाताळली. राजकीय देणगीचा अधिकार मंडळाने प्रत्यक्ष बैठकीतच वापरायचा असतो. कागद फिरवून किंवा समितीकडे सोपवून चालत नाही. ऑगस्टच्या बैठकीत "नोंद घेतली" एवढेच होते आणि नोंद म्हणजे मंजुरी नव्हे. जुन्या व्यवहाराला मागाहून मंजुरी देण्याचा मसुदा तयार झाला होता, पण तो मागे घेतला गेला. त्याऐवजी मे महिन्याच्या बैठकीत मंडळाने त्रुटी मान्य करणारा ठराव केला आणि कंपनी निबंधकांना (कंपन्यांची नोंदणी व देखरेख करणारे सरकारी अधिकारी) स्वतःहून पत्र दिले. कलम १८२(४) मध्ये कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड आणि दोषी अधिकाऱ्याला दंडासह सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. लपलेल्या ६५ लाखांवरच दंड ३ कोटी २५ लाखांपर्यंत जाऊ शकत होता, म्हणून हे पत्र पाठवताना हात आखडणे स्वाभाविक होते.

वार्षिक हिशेबात एक टीप आली. तिच्यात देणगी देण्याची तारीख, साधन, रक्कम, मधली संस्था, पक्ष, आणि मंजुरी कोणी दिली असे सहा रकाने होते. ट्रस्टच्या ५० लाखांपुढे ट्रस्टचे नाव होते आणि त्या ट्रस्टने कोणकोणत्या पक्षांना वाटप केले ती यादी खाली जोडली. कंपनीचे ५० लाख नेमके कोणाकडे गेले हे सांगता येत नाही, असेही तिथे लिहिले, कारण ट्रस्टच्या अहवालात देणारे आणि घेणारे यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. ७.५ टक्क्यांची आकडेमोड दाखवली आणि २५ लाखांच्या आधिक्याबद्दल दोन्ही कायदेशीर मते एका परिच्छेदात दिली.

आयकरात रोखे आणि ट्रस्टची रक्कम कलम ८०जीजीबी खाली वजावटीला पात्र होती. १८ लाखांची जाहिरात मात्र धंद्याचा खर्च म्हणून दाखवली होती, आणि कलम ३७(२ब) ते स्पष्ट नाकारत होते. कंपनीने तिन्ही लपलेल्या रकमा करपात्र उत्पन्नात परत धरल्या, त्यांवर कुठलीही वजावट मागितली नाही आणि जाहिरातीवर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट व्याजासह परत केले.

संघटनेकडून ४० लाख परत मागून पाहिले. ते मिळणार नव्हतेच: इलेक्टोरल ट्रस्टला वर्षात आलेल्या देणग्यांपैकी किमान ९५ टक्के त्याच वर्षात पक्षांना वाटावे लागतात. गाड्यांचे ७ लाख संबंधित कारखानाप्रमुखाच्या कामगिरी-बोनसमधून वळते केले.

पुढची व्यवस्था तीन ठिकाणी बसवली. लेखा-प्रणालीत राजकीय खर्चाला स्वतंत्र संकेत दिला आणि वर सांगितलेल्या सहा खात्यांतली कोणतीही नोंद करताना "हा खर्च पक्ष, उमेदवार किंवा त्यांच्या प्रकाशनाशी संबंधित आहे का" हे उत्तर दिल्याशिवाय व्हाउचर पुढे सरकत नाही. जाहिरात आणि कार्यक्रम व्यवस्थापनाच्या प्रत्येक करारात, छापलेली प्रत किंवा छायाचित्र मिळाल्याशिवाय पैसे नाहीत, अशी अट आली. आणि प्रत्येक उद्योग संघटनेकडून वर्षातून एकदा लेखी घेतले जाते की आमच्या वर्गणीतला किती भाग राजकीय कामाला गेला. हे पत्र न देणाऱ्या संघटनेला फक्त मूळ वर्गणी मिळते.

पक्ष निवडणूक आयोगाला २० हजारांवरच्या देणग्यांचा तपशील देतात. कंपनीने स्वतःसाठी किमान रक्कमच ठेवली नाही. एक रुपयाही यादीत येतो, कारण किमान रक्कम ठेवली की बिले त्या रकमेखाली तुकड्यांत येऊ लागतात.

## परिणाम

वैधानिक लेखापरीक्षकांनी अहवालात ताशेरा मारला नाही. टीपेकडे लक्ष वेधणारा परिच्छेद जोडला. वार्षिक सभेत यावर बराच वेळ प्रश्न झाले. गुंतवणूकदाराने समभाग ठेवले, पण अध्यक्ष-व्यवस्थापकीय संचालकांच्या मानधनवाढीच्या ठरावाविरुद्ध मत दिले. लोकसभा निवडणुकीच्या काळात तीन कारखान्यांवर मिळून गाड्या, मंडप आणि जाहिरातींच्या सहा मागण्या आल्या. कारखानाप्रमुखांकडे मंडळाच्या सहीचे नकाराचे पत्र तयार होते. स्थानिक माणसाला हे पत्र फार मोठा आधार देते: नकार त्याचा राहत नाही, कंपनीचा होतो. निबंधकांकडून खुलासा मागणारे पत्र आले आणि ते प्रकरण चालू आहे.

मग एक नवी गोष्ट बाहेर आली. पक्षांचे देणगी अहवाल वर्ष संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी आयोगाच्या संकेतस्थळावर येतात. कंपनीने ठरल्याप्रमाणे ते आपल्या यादीशी ताडून पाहिले. एका पक्षाच्या अहवालात २०२३-२४ मध्ये कंपनीच्याच पत्त्यावरून ५ लाखांची देणगी दिसली, नाव मात्र वेगळे होते. ती २०२२ मध्ये स्थापन झालेली उपकंपनी होती. तिला तीन आर्थिक वर्षेच पूर्ण झाली नव्हती, म्हणजे तिला एक रुपयाही देण्याचा अधिकार नव्हता. पुढच्या वार्षिक अहवालात ही दुरुस्ती छापावी लागली.

## वेगळे काय करता आले असते

धोरण पहिल्याच दिवशी समूहातल्या प्रत्येक कंपनीला लागू करायला हवे होते. शोधाच्या चाळण्या फक्त मुख्य कंपनीच्या लेजरवर चालवल्या गेल्या. उपकंपन्यांची लेजर त्याच प्रणालीत होती आणि त्यासाठी फार तर दोन दिवस जादा लागले असते. मे महिन्याची टीप "सर्व राजकीय खर्च" या शब्दांनी सुरू होत होती, म्हणून ५ लाखांची चूक रकमेपेक्षा जास्त बोचली.

ताळा करताना नाव शोधणे अपुरे पडते. पक्षांच्या अहवालात नावे संक्षिप्त, चुकीच्या स्पेलिंगने किंवा शाखेच्या नावाने असतात. पत्ता आणि पॅन यांवरून शोधणे जास्त भरवशाचे आहे. उपकंपनी सापडली ती पत्त्यामुळेच.

पक्षनिवडीचे निकष अजूनही सैल आहेत. धोरणात "लोकशाही प्रक्रियेला हातभार" असे शब्द आहेत, ज्यांत काहीही बसते. निदान एवढे लिहायला हवे की, ज्या राज्यात किंवा खात्यात कंपनीची निविदा किंवा परवाना प्रलंबित आहे, तिथल्या सत्ताधारी पक्षाला त्या काळात देणगी नाही. हा मसुदा मंडळापुढे दोनदा आला आणि दोनदा पुढे ढकलला गेला.

संघटनेच्या बाबतीत एक संधी सुटली. विशेष निधीचे पत्र डिसेंबरमध्ये आले तेव्हाच उपयोगाचे प्रमाणपत्र मागितले असते, तर ३१ मार्चआधी, म्हणजे ट्रस्टकडून वाटप होण्याआधी, पैसे थांबवता आले असते. आता अशा कोणत्याही मागणीवर पैसे देण्याआधी १५ दिवसांचा थांबा आहे आणि तो फक्त कंपनी सचिव उठवू शकतात. दोन संघटनांनी त्यावरून तक्रार केली आहे. एका संघटनेने मात्र सभासदांना पाठवायच्या पत्रात राजकीय वाट्याचा रकाना स्वतःहून घातला.